गाडीत रॉकेल चालत नाही

४ नोव्हेंबर १९७३, रविवार

सुदुंबऱ्याहून परत. जाताना तळेगावला गाडी चुकली, म्हणून आबा आणि मी इंदुरीवरून चालत गेलो. पोचेपर्यंत सदऱ्याची कॉलर मळली होती. पोहे खाताना सारखा मानेकडे हात.

मुलगी कमल. वय एकोणीस, सातवी पास. मी सहावीतून सुटलो, हे आबांनी कोणी न विचारता सांगून टाकलं. वडील गेल्यापासून चुलते म्हणून घरातलं मोठं माणूस तेच, पण कुठे काय बोलावं हे त्यांना कोण सांगणार? कमलने मान वर केली नाही. हसली असावी, खांदे हलले.

तिचे वडील, तात्या. आबा आमच्या भाताचं सांगत होते, लोणावळ्याच्या वखारीत मी काट्यावर असतो ते सांगत होते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाडीवर येष्टी येती का?"

"कुसगावापत्तुर येती की."

"कुसगावाचं न्हाई इचारलं. वाडीत?"

"येनार हाय," आबा म्हणाले.

"आन जळान?"

मीच सांगितलं, आई रानातून आणते.

"त्येच म्हंतोय. डोईवर मोळी द्यायला पोरगी वाढवली न्हाई मी. येष्टी येऊ द्या, घरात बिगर मोळीची चूल हूं द्या. मंग बोलू."

वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. माणूस खरं बोलला. येष्टी येणार ही आबांनी थाप मारली असं त्याला वाटलं असेल. पण अर्ज मी स्वतः दिलाय, आणि चढाचा रस्ता वाडीने श्रमदानात मुरूम टाकून केलाय. गाडी येईल.

निघताना त्यांच्या पडवीत पत्र्याच्या डब्यात काहीतरी जळत होतं. धूर जवळजवळ नाही. विचारायचं राहिलं.

७ नोव्हेंबर

वखारीत गर्दी. दिवाळी झाली तरी बंगलेवाल्यांचं जळण चालूच आहे.

आई आज मोळी घेऊन आली. काट्यावर मीच असतो, त्यामुळे तिची मोळी मीच चढवतो, मीच उतरवतो. शेठ समोर असले की ती मला "भाऊ" म्हणते, इतर बायांसारखी. घरी आल्यावर "दत्त्या".

आज मुद्दाम पाहिलं. तिच्या मोळीत ऐन होता, धावडा होता. हे लाकूड आमच्या रानातलं. ते जळतं बंगल्यात आणि चिक्कीच्या भट्टीत. घरी आम्ही कारवीच्या काटक्या जाळतो, त्या भुर्रकन संपतात. शेणी थापाव्यात, तर शेण राबाला लागतं. राब भाजला नाही तर भाताचं रोप नाही. म्हणजे डोंगरावर राहून आम्हालाच जळण नाही. हे तात्यांना सांगायला हवं होतं. की बरं झालं नाही सांगितलं?

रॉकेल कुसगावच्या रेशन दुकानात. गेल्या महिन्यापासून येतं तेव्हा येतं. आलं की बाया डबे घेऊन उतरतात आणि भरले डबे घेऊन चढतात.

१२ नोव्हेंबर

पत्र आलं!! वाडीवर गाडी मंजूर. "प्रायोगिक तत्त्वावर, एक महिना." सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. पुढचं उत्पन्न पाहून ठरणार. १८ पासून.

पत्र आबांना वाचून दाखवलं. "प्रायोगिक म्हंजी?" म्हणाले. मी म्हटलं, बघण्याच्या कार्यक्रमासारखं. पसंत पडलं तर ठेवतील. आबा म्हणाले, "मंग येष्टीला बी पोहे करा."

सुदुंबऱ्याला कार्ड टाकलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात "मंजूरी" लिहिलं होतं, कोशात "मंजुरी" आहे. सातवी पास मुलगी वाचणार.

१८ नोव्हेंबर, रविवार

झोप लागली नव्हती, तरी दिवस चांगला गेला. गेला असं गाडी वर पोचेपर्यंत वाटत होतं.

सगळी वाडी सकाळीच उतरून खाली फाट्यावर. गाडी आली. बायांनी बैलांना ओवाळतात तसं गाडीला ओवाळलं, ड्रायव्हरला टिळा लावला, आबांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. मग ढोल, लेझीम, वाडी पुढे आणि गाडी मागे. सगळा चढ ड्रायव्हर पहिल्या गिअरात. कोणी गाडीकडे पाठ करून चाललं नाही, म्हातारेसुद्धा अर्धे उलटे चालत होते.

वाडीत पोचल्यावर कंडक्टर खाली उतरला. जाधव नाव, लोणावळ्याचा, चाळिशीचा माणूस. तिकिटांची पेटी तशीच काखेत. गुळाचा खडा तोंडात टाकून मला म्हणाला, "छान झालं सगळं. पण कागदावर किती माणसं दाखवू?"

"सगळी वाडी आली की."

"चालत आली, राव. माझ्या गाडीत मी आणि ड्रायव्हर."

पालखीपुढे चालायचं असतं, पालखीत बसायचं नसतं. सगळ्यांनी तेच केलं, मीही केलं. आत बसा म्हणून सांगावं लागेल, हे अर्ज लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही.

जाताना तरी बसा म्हणून मी ओरडत होतो. आबा म्हणाले, "खाली कशाला जायचं? आत्ताच तर आलो."

पहिला दिवस. भोपळा.

२० नोव्हेंबर

वखारीला आता गाडीने जातो. रि. (गाडीत मी एकटा असलो की रिकामीच धरतो.)

२१ नोव्हेंबर

रि.

२२ नोव्हेंबर

सकाळी रि. संध्याकाळी मी, आबा आणि आबांची खोकल्याची बाटली.

आज कारण डोळ्यांनी पाहिलं. कुसगावात रॉकेल आलं होतं. संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. चढाला लागलो आणि पुढे आमच्या बायांची रांग. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा. गाडीने हॉर्न दिला तशी रांग कडेला झाली. आई शेवटी होती. ती चरात उतरली, एका हाताने डबा धरला आणि दुसरा हात गाडीला जोडायला छातीशी नेला. मी आत होतो हे तिला दिसलं नाही.

घरी विचारलं, गाडीत का बसली नाहीस? म्हणाली, "त्यो कंडक्टर डबा घेत न्हाई. मला घेतो म्हनला, डबा नगं म्हनला. मी एकलीनं येऊन काय करू?"

जाताना मोळी, येताना डबा. मोळी टपावर चढवायला माणूस नाही, डबा गाडीत चालत नाही. बाकी वाडीतलं माणूस रिकाम्या हाताने कधी खाली जातं? मी सोडून.

२४ नोव्हेंबर

आज हसावं की काय करावं. गंगूमावशी, आमच्या शेजारची, दुधाची किटली घेऊन गाडीत बसली. झाकणावर ओला फडका. जाधव तिकीट फाडायला आला आणि थांबला.

"मावशी, किटलीत काय?"

"दूध."

"खालून वर?"

"लेकीकडचं हाय."

"लेकीची म्हैस डांबर खाते का?"

गाडीत तिघे होतो, तिघेही हसलो. मावशी नाही. ती म्हणाली, "तुला वास येतो तर खिडकी उघड. मला रातीला दिवा लागतो." जाधवने गाडी थांबवली. बोलला मात्र नीट. "मावशी, पेटली तर सगळे जाऊ. माझी नोकरी नंतर, आधी तुम्हीच." किटली घेऊन ती उतरली. मीही उतरलो आणि किटली घेतली. सबंध चढभर तिने कंडक्टरच्या घरादाराचा उद्धार केला आणि वर आल्यावर म्हणाली, "मानूस वाईट न्हाई पन."

त्याचं चुकलं नाही, हे मला पटतं. गाडीत रॉकेल नेऊ नये. पण मग रॉकेलने वाडीवर यावं कसं, हे कोणाचं काम?

२७ नोव्हेंबर

वखारीत रजा टाकून वडगावला, तालुक्याच्या कचेरीत. म्हटलं, महिन्यातून एकदा रॉकेल वाडीवर आणून वाटा, पिंप आमच्या बैलगाडीने नेऊ. साहेब शांत माणूस, चहा सांगितला. म्हणाले, दुकानाबाहेर वाटप करता येत नाही, आणि आता तर तुम्हाला गाडी मिळाली आहे, माणसं खाली येऊन नेऊ शकतात.

म्हटलं, गाडीत रॉकेल चालत नाही.

म्हणाले, "ते गाडीवाल्यांना विचारा."

परत येऊन डेपोत गेलो. तिथले साहेबही शांत. म्हणाले, रॉकेल आमच्या अखत्यारीत नाही, आम्ही माणसं नेतो. माणसं मात्र दिसत नाहीत तुमच्याकडे.

म्हटलं, माणसांच्या डोक्यावर रॉकेल आहे.

म्हणाले, "ते पुरवठ्यावाल्यांना विचारा."

दोघांनीही चहा पाजला. दोघांचंही आपल्या जागी बरोबर. गाडी देणाऱ्याने चूल पाहिली नाही आणि रॉकेल देणाऱ्याने चढ पाहिला नाही. हे वाक्य मला बरं वाटलं, म्हणून इथे. अर्जात लिहिणार नाही.

महिना मात्र चाललाय.

२ डिसेंबर, रविवार

सुदुंबऱ्याला. आबा म्हणाले, असं दुसऱ्यांदा आपणहून जात नसतात. गेलो.

तात्या मळ्यात होते. आबा त्यांना शोधायला गेले, मी पडवीत बसलो. कमल तिथेच होती, पाठमोरी. आत तिची आई भांडी आपटत होती, म्हणजे लक्ष होतं.

कमल एक गोडेतेलाचा जुना डबा भरत होती. त्याला खाली बाजूला भोक. डब्याच्या मधोमध उभी बाटली आणि तिच्याभोवती लाकडाचा भुसा. मुठीने दाबायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा दाबायचा. डबा भरल्यावर बाटली फिरवत फिरवत वर ओढली. मध्ये विहिरीसारखं भोक राहिलं. खालून पेटती काडी सारली.

न राहवून विचारलं, हा भुसा कुठला?

पाठमोरीच म्हणाली, "दादा आनतो. त्याच्या कारखान्यात लाकडाचे साचे करत्यात."

"ही शेगडी किती वेळ चालते?"

"सांजचा सैपाक हून पानी बी तापतं." मग हात झटकत, "तुमी वखारीत हाय न्हवं? तितं करवत न्हाई?"

"शेजारी गिरणी आहे करवतीची. रोज ढीग पडतो."

"त्याचं काय करता?"

"पावसाळ्यात चिखलावर टाकतो."

तेव्हा ती वळली. हसू आवरत नव्हतं. "चिखलावर," म्हणाली. आतून आईची हाक आली आणि ती गेली.

तात्यांना गाडीचं सांगितलं. रिकामी जाते ते सांगितलं नाही. मग रस्त्यात आबांना विचारलं, न सांगणं म्हणजे खोटं की काय? आबा म्हणाले, "त्यांनी इचारलं का? न्हाई ना?"

तिचा चेहरा आज पहिल्यांदा नीट पाहिला.

४ डिसेंबर

गिरणीवाल्याला विचारलं. म्हणाला, न्या, जागा मोकळी होईल. एक पोतं डोक्यावर घेऊन चालत वर आणलं, म्हणजे गाडीत नकार ऐकायला नको.

डबा कापला, बाटली उभी केली, भुसा दाबला, बाटली ओढली. सगळं आत कोसळलं. आई म्हणाली, "ही चूल हाय का वारूळ?" दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा भुसा जरा ओलसर केला, मग भोक राहिलं. आधी खूप धूर झाला, गंगूमावशी धावत आली की घराला आग लागली. नंतर धूर बसला आणि आतून लाल झालं.

डाळ झाली. पाणी तापलं. भाकरी नाही जमली, मध्ये करपली आणि कडेला कच्ची. आई म्हणाली, "भाकरीला कारवी लागंलच. पन बाकीचं हिच्यावं हुतंय." मग बराच वेळ बसून बघत राहिली. फुंकायला लागत नाही हे तिला खरं वाटत नव्हतं. फुंकणी हातात धरूनच बसली होती.

६ डिसेंबर

आज पोतं गाडीत. जाधवने आधी वास घेतला, मग हात घातला.

"हे काय?"

"भुसा."

"पेटतो?"

"तुमच्या सीटखालची फळी पेटते तितकाच."

जाधवने हात झटकला. मग म्हणाला, "बोलायला लागलास की." सामानाचं तिकीट फाडलं. "रॉकेल नको म्हणून लिहिलंय, भुसा नको म्हणून कुठं लिहिलेलं नाही. विचारलं तर मी असंच सांगणार. मागच्या सीटखाली सरकव."

वळणावर खिडकीतून रान दिसलं. रोज दिसतं, आज नीट पाहिलं.

८ डिसेंबर

गंगूमावशीने भुशाची शेगडी केली. तिच्या जावेनेही. बाया मोळी वखारीत टाकतात, गिरणीतून पोतं भरतात आणि संध्याकाळच्या गाडीला उभ्या राहतात. जाधव मावशीला म्हणाला, "आज कुठल्या म्हशीचं?" मावशी म्हणाली, "सागवानाची म्हैस हाय, हुंगून बघ."

संध्याकाळ: भ. पहिल्यांदाच हे अक्षर लिहिलं. भरलेली. रॉकेलच्या दिवशी मात्र डबे डोक्यावरच.

१० डिसेंबर

सं. भ. स. रि.

सकाळचं काही होत नाही. आईला म्हटलं, घरात जळण आता कमी लागतं, मोळी सोड आणि गाडीने जा. म्हणाली, "घरची मोळी सुटली रं. इकायची कशी सोडू? मीठमिरची काय त्यो कंडक्टर देनार?"

पूर्वी दोन मोळ्या आणायची, एक चुलीला आणि एक वखारीला. आता एक. अर्धं झालं. अर्धं हेही झालेलंच असतं.

गिरणीवाला आज म्हणाला, "रोज एवढा भुसा नेता तरी कशाला?" हसतच म्हणाला. पण एखादी वस्तू कोणाला तरी हवी आहे हे कळलं की ती फुकट राहत नाही. वखारीत इतकी वर्षं काढून एवढं समजतं. बघू. तेव्हाचं तेव्हा.

१३ डिसेंबर

सुदुंबऱ्याहून कार्ड. तात्या, कमल आणि कमलची आत्या रविवारी येणार. "आपल्या वाडीच्या गाडीनेच येऊ." अक्षर तात्यांचं नाही. गोल, टपोरं, एकही चूक नाही. "शेगडी" मात्र अधोरेखित: "शेगडी जमली का ते कळवावे." न कळवताही येतील, रविवार तीन दिवसांवर आहे, पण मी कळवलं.

१६ डिसेंबर, रविवार

आले. संध्याकाळच्या गाडीनेच, ती वर तासभर थांबते. जागा नव्हती, तात्या भुशाच्या पोत्यावर बसून आले. उतरल्यावर धोतर झटकत म्हणाले, "भरून येती की गाडी." मी म्हटलं, संध्याकाळी येते. सकाळी नाही. सांगून टाकलं एकदाचं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

आईला हात जोडून सांगितलं होतं, आज तरी रानात जाऊ नको. ती पहाटेच जाऊन आलेली. मोळी भिंतीला टेकवलेली, अगदी दारात.

तात्यांनी पाहिली. "ही कुनाची?"

"माझी," आई म्हणाली. "उद्या इकायला."

"म्हंजी मोळी हायच."

मी काही बोलणार तर आईच बोलली. "हाय. खोटं कशाला बोलू? चुलीची मोळी गेली, इकायची हाय. माज्या डोईवर हाय. हिच्या डोईवर न्हाई द्यायची मी."

आत्या म्हणाली, "बाई सरळ हाय." आतून कमलचा आवाज आला, "तात्या, पानी तापलंय. पाय धुऊन घ्या." ती आत कधी गेली हे कोणी पाहिलं नव्हतं. आमची शेगडी तिने पुन्हा नव्याने भरली होती. माझी मोडून. आईला सांगत होती, "मावशी, बाटली काढताना घाई करायची न्हाई. फिरवत फिरवत. घाई केली की ढासळतं."

मी दारात उभा राहून ऐकलं. आईला सांगत होती.

निघताना तात्या म्हणाले, "गाडी कायम झाली की कळवा."

आईने विचारलं, "आन न्हाई झाली तर?"

तात्यांनी चप्पल घातली, शेगडीकडे पाहिलं. अजून लाल होती. म्हणाले, "तर बी कळवा."

गाडी वळणाआड गेल्यावर आबा म्हणाले, याचा अर्थ हो. आई म्हणाली, याचा अर्थ कळवा.

१७ डिसेंबर

शेवटचा दिवस. सकाळी गाडीपाशी गेलो तर सगळी वाडी तिथे. मला वाटलं पुन्हा ओवाळणार. पण कोणाच्या हातात ताट नव्हतं. मोळ्या नव्हत्या. आईची मोळी भिंतीलाच टेकलेली राहिली होती, आजचा बाजार तिने सोडला. कोणी ठरवलं विचारलं तर गंगूमावशी म्हणाली, "कुनी न्हाई. पैल्या दिशी फुडं चाललो. आज आत बसतो. त्येच्या कागदाव एकदा दिसू दे मान्सं."

बसले. आबा पुढच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसतात तसे. बाया दोघींच्या जागेत तिघी. पोरं मांडीवर. जाधव दारातच थांबला.

"एवढी माणसं? लग्न आहे का कोणाचं?"

"हाय," मावशी म्हणाली. "ठरायचं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

कुसगावला डेपोचा तपासनीस चढला. त्याने एकेकाचं तिकीट मागून पाहिलं. आबांनी त्यांचं चुरगाळलं होतं, ते उलगडून दाखवलं. तपासनिसाने ते सरळ करून परत दिलं. उतरताना जाधवच्या कागदावर सही केली आणि विचारलं, "रोज असते का अशी?" जाधव म्हणाला, "संध्याकाळी असते." सकाळचं बोलला नाही. खोटंही बोलला नाही.

लोणावळ्याला सगळे उतरले आणि मग काय करावं कोणाला कळेना. विकायला काही नाही, आणायला काही नाही. स्टँडवर उभे राहिले. आई म्हणाली, "रिकाम्या हातानं लय वर्सांनी आले." हात पुढे धरून बघत होती.

संध्याकाळी जाधवला विचारलं, उद्या? म्हणाला, ऑर्डर आली नाही. बंदचीही नाही. "मी ड्युटीवर असणार, कुठल्या गाडीवर ते उद्या सकाळी कळेल."

१८ डिसेंबर

पहाटे उठून शेगडी मी भरली. पहिल्यांदा घाई झाली, ढासळली. दुसऱ्यांदा भुसा दाबला आणि बाटली फिरवत फिरवत काढली. राहिली उभी. आई झोपलेली, उठली तेव्हा पाणी तापलेलं होतं.

आता फाट्यावर उंबराखाली बसून लिहितोय. वाडीत वाट पाहवेना, म्हणून खाली आलो. मग बाकीचेही आले. आबा, मावशी, तिची जाऊ. कोणी ढोल आणला नाही. आईने आज मोळी आणली आहे, ती झाडाला टेकवली आहे. पोतंही आणलं आहे, घडी घालून काखेत. गाडी आली नाही तर मोळी घेऊन चालत जाईल. आली तर, म्हणाली, जाधवला विचारून बघते, एखादी मोळी मागच्या सीटखाली बसते का.

सुदुंबऱ्याला काय कळवायचं ते संध्याकाळी लिहीन. पहिली ओळ ठरली आहे, पुन्हा तीच. "शेगडी जमली." तीर्थरूप तात्यांना, पण वाचणार कोण ते माहीत आहे.

लोणावळ्याच्या बाजूला धूळ दिसते आहे. ट्रक असेल. आबा म्हणतात ट्रकची धूळ अशी नसते. मावशी म्हणते तुमाला मोतीबिंदू हाय. बाकी कोणी उठलेलं नाही अजून.

आई उठली. मोळी उचलली नाही. पोतं झटकलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.